आधारची झेरॉक्स आणि १८८५ चे एक कलम

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावरील होमस्टेंच्या वेबसाइट तयार करून देणे हा माझा व्यवसाय आहे. नोव्हेंबर २०२५ पासून मला येणाऱ्या फोनांमध्ये खोल्यांच्या फोटोंपेक्षा आणि दरपत्रकापेक्षा एक निराळाच विषय अधिक निघतो: पाहुण्यांच्या आधार कार्डांचे काय करायचे? यांपैकी एका घरी पडवीतल्या टेबलावर लांबट नोंदवही असते. तीत पाहुण्याचे नाव, गाव, गाडीचा क्रमांक आणि सही. त्याखेरीज प्रत्येक पाहुण्याच्या आधार कार्डाचा फोटो मालकांच्या मोबाइलमध्ये असतो, नातवाच्या बारशाच्या आणि बाजारातल्या सुरमईच्या फोटोंच्या मधोमध, आणि रात्री तो फोन वायफायला लागला की ती सगळी गॅलरी आपोआप एका कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केवळ डिजिटल स्वरूपातील माहितीला लागू होतो, कागदावरच राहणाऱ्या माहितीला नाही, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे वहयेत लिवलेला चलता आणि मोबाइलातला नाय? ह्यो खंयचो न्याय?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देऊ लागलो की माझ्याविषयीची एक नेहमीची तक्रारही निघते: वेबसाइट करणारे लोक सरकारवर, वर्तमानपत्रांवर आणि ‘आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक कंपनीवर सारखाच संशय घेतात. तक्रार खरी आहे. हा संशय आला कुठून, हे पाहायचे तर संगणकाच्या बरेच मागे, टपालापर्यंत जावे लागते.

कोकण मनीऑर्डरवर जगते, असे एके काळी म्हटले जाई. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला असलेल्या माणसाने पाठवलेले पैसे आणि त्यासोबतच्या चार ओळी पोस्टमन घेऊन येई, वाचता न येणाऱ्या घरात पत्रही पुष्कळदा तोच वाचून दाखवी, आणि त्यामुळे कोणाकडे किती पैसे आले, कोणाचा मुलगा आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, हे त्याला सर्व ठाऊक असे. परंतु पोस्टमनचे घरही गावाला तितकेच ठाऊक होते. सरकारच्या बाबतीत ही परतफेड नव्हती. १८८५ च्या भारतीय तार कायद्याच्या पाचव्या कलमाने ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्भवल्यास किंवा ‘सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी’ तारा अडवण्याचा अधिकार सरकारला दिला, १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने तोच अधिकार पत्रांच्या बाबतीत दिला, आणि ज्याची तार किंवा पत्र अडवले त्याला तसे कळवण्याची तरतूद दोन्हींपैकी एकाही कलमात केली नाही.

१८८५ हेच वर्ष ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य गेल्याचे. त्याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले आणि १९१६ मध्ये तो तेथेच वारला. दरम्यान १९०८ मध्ये, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना वर्तमानपत्रातील लेखांबद्दल राजद्रोहाची शिक्षा होऊन थिबाच्याच मंडालेला पाठवण्यात आले. पुढे १९२४ ते १९३७ या काळात जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर सावरकर रत्नागिरीत होते. माणसे नजरेखाली ठेवण्यास हा जिल्हा सरकारला सोयीचा वाटला, याचे एक कारण बहुधा येथील भूगोल असावे: एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि येणारा-जाणारा बहुतेक बोटीने. सगळी ये-जा एकाच दारातून होत असेल तर पहारा स्वस्तात बसतो, हे नेटवर्क हाताळणाऱ्या कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर तार कायदा कायम राहिला. १९७२ च्या दुरुस्तीने सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणांची यादी त्याला जोडली गेली. टपालाच्या बाबतीत १९८६ मध्ये संसदेने सरकारचे अधिकार आणखी वाढवणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्याला संमती न देता ते तसेच ठेवून दिले, आणि ते कधीच कायदा झाले नाही. फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत १८ डिसेंबर १९९६ रोजी निर्णय दिला: घरातून केलेले दूरध्वनीवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग आहे, ते ऐकण्याचा आदेश गृहसचिवांच्या पातळीवरूनच निघावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि आदेशांचा आढावा एका समितीने घ्यावा. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र न्यायालयाने आवश्यक ठरवली नाही. आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारेही सचिव, ही रचना तेव्हापासूनची आहे. ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच तो तपासून ‘ठीक’ म्हणावे असे आमच्या कामात कोणी सुचवले, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी माणूस बदलील.

त्यानंतर जे झाले त्याकडे माझ्या व्यवसायातील लोकांचे लक्ष अधिक गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ साली दुरुस्ती होऊन ६९ व्या कलमाने संगणकातील कोणतीही माहिती अडवण्याचा, पाहण्याचा आणि कुलूपबंद माहिती उलगडून मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कारणांची यादी तार कायद्याच्या वळणाचीच राहिली, पण ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ असल्याशिवाय हात घालू नये, ही १८८५ ची पहिली पायरी गळून पडली. ब्रिटिशांच्या कायद्यात असलेली एक अट प्रजासत्ताकाच्या कायद्यात नसावी, हे मला आजही विचित्र वाटते. जुन्या प्रोग्राममधला तुकडा उचलून नव्यात चिकटवताना नेमकी तपासणीची ओळ सुटते, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे ती चुकून सुटली असे मानणे कठीण आहे. २० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने याच कलमाखाली दहा यंत्रणांना अधिकृत केले. तार कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या विसाव्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ हे शब्द पुन्हा सापडतात, १३८ वर्षांनी, जवळजवळ जसेच्या तसे.

२००८ च्या त्याच दुरुस्तीने ६६-अ हे कलमही आणले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झाले. ६९ वे कलम मात्र जागेवर राहिले.

वर्तमानपत्रांविषयीच्या अविश्वासाचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे, आणि कोकणी माणसाला तो लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण मराठी वर्तमानपत्राची सुरुवातच देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढून केली. १८७८ च्या देशी भाषा वृत्तपत्र कायद्याने इंग्रजी पत्रांना वगळून मराठीसारख्या भाषांतील पत्रांना जामीन आणि जप्तीच्या धाकाखाली आणले. २६ जून १९७५ पासून वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. त्या काळात राजापूरचे खासदार मधू दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात आणि प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या, आणि नवरा-बायकोची पत्रे तुरुंगाधिकाऱ्यांच्या डोळ्यांखालून जात होती. इथवर वर्तमानपत्र आणि वाचक एका बाजूला आहेत.

ही बाजू कशी बदलली, हे जाहिरातीच्या मार्गाने समजते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पैसे घेऊन बातमीच्या रूपात मजकूर छापल्याची प्रकरणे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केली आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० मध्ये ‘पेड न्यूज’वर अहवाल काढावा लागला. त्याच सुमारास वर्तमानपत्रे वेबवर स्थिरावत होती, आणि वेबची जाहिरात पानावरच्या जाहिरातीसारखी मुकी नसते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, तयार केली ती दुकानाच्या पानाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी म्हणून. परंतु एका पानात दुसऱ्याच कंपनीचे चित्र बसवले की त्या दुसऱ्या कंपनीलाही आपली कुकी ठेवता येते, आणि तेच चित्र शंभर पानांवर असले की एकच माणूस शंभर ठिकाणी ओळखता येतो. हा धोका तेव्हाच ओळखला गेला होता: फेब्रुवारी १९९७ मध्ये निघालेल्या कुकींच्या पहिल्या मानक दस्तऐवजात अशा परक्या कुकी मुळातच बंद ठेवाव्यात असे सुचवले होते. त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते ऐकले नाही. गूगलने जानेवारी २०२० मध्ये त्या क्रोममधून काढण्याची घोषणा केली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

याचा परिणाम कोणालाही पाहता येतो. एका मराठी बातमीच्या वेबसाइटवर मी मालवणच्या मासेमारीविषयीची चार परिच्छेदांची बातमी उघडली आणि ब्राउझरची तपासणीची खिडकी सुरू करून ‘नेटवर्क’ या भागात पाहत बसलो. बातमीचा मजकूर पहिल्याच ओळीत आला. त्यानंतर मी बोटही न हलवता खाली ओळींवर ओळी उमटत राहिल्या, आणि जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे माझ्या फोनाने कोणा तिऱ्हाइताला पाठवलेला निरोप होता: पान कोणते, पडदा केवढा, किती खाली सरकवले. जांभेकरांच्या वाचकाला आपल्या वर्गणीचा हिशोब ठाऊक होता. या हिशोबाची वही वाचकाला दाखवली जात नाही.

असे असले तरी बातमीदाराला या यंत्रणेत जमा करणे मला मान्य नाही. बारसूच्या रिफायनरी प्रकल्पाविषयी सातत्याने लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूर येथे गाडीखाली चिरडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयी त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

तिसरा धागा साथीच्या काळातला. १८९७ मध्ये प्लेगसाठी केलेल्या साथरोग कायद्याच्या आधारे पुण्यात घरोघर झडत्या झाल्या, आणि २०२० मध्ये करोनासाठी वापरला गेलेला कायदा तोच होता. त्या वर्षी मुंबईच्या चाकरमान्याला स्वतःच्या गावी खासगी गाडीने यायचे तर ई-पास काढावा लागत होता. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू हे ॲप आले; आधी ऐच्छिक म्हणून, आणि महिन्याभरात कर्मचाऱ्यांना सक्तीचे. त्याचा सोर्स कोड २६ मे रोजी खुला झाला, तो वाचणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याबद्दल सरकारला श्रेय दिलेच पाहिजे. पण हे ॲप नेमके कोणी तयार केले याची माहिती आपल्याकडे नाही, असे उत्तर राष्ट्रीय माहिती केंद्राकडून माहिती अधिकारात मिळाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने त्याबद्दल नोटीस काढली.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तो खटला आधारवरून उभा राहिला होता, आणि पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारमधील टेंभली येथे दिले गेले होते. निर्णयाला अनुसरून येणारा कायदा, म्हणजे सुरुवातीला उल्लेखलेला डेटा संरक्षण कायदा, न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल, २०१९ चे विधेयक आणि २०२२ मधील त्याची माघार अशी वळणे घेत ११ ऑगस्ट २०२३ रोजी आला. त्याच्या सतराव्या कलमानुसार केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचनेद्वारे कायद्यातून वगळू शकते, आणि ४४ व्या कलमाने माहिती अधिकार कायद्यातील ८(१)(ञ) हे कलम असे बदलले की अधिकाऱ्याविषयीची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे सोपे झाले. व्यापक जनहिताचा आधार ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण तो पटवून देणे अर्जदारावर येते. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने हा बदल तत्काळ लागू केला. नागरिकाला आपली माहिती पुसून मागण्याचा अधिकार देणारी कलमे मात्र १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. इकडे सातबारा कोणीही ऑनलाइन पाहू शकतो, त्यावरून मुंबईचा दलाल एखाद्या बागेतील सगळ्या सहहिस्सेदारांची नावे चहा संपेपर्यंत लिहून काढतो, आणि उतारा कोणी पाहिला हे त्या हिस्सेदारांना कळत नाही.

होमस्टेच्या मालकांना मी मे २०२२ ची एक गोष्ट सांगितली. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने तेव्हा पत्रक काढून हॉटेलांसारख्या विनापरवाना खासगी संस्थांनी आधारच्या प्रती घेऊ नयेत, लोकांनी शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यावे, असे सांगितले होते, आणि लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागे घेण्यात आले. “म्हणजे घेवचा काय नाय घेवचा?” त्यांनी विचारले. आम्ही बुकिंगच्या फॉर्ममधून आधारचा फोटो मागणारा रकाना काढून टाकला, वही पडवीत तशीच ठेवली, आणि त्यांच्या गॅलरीतून पाहुण्यांची कार्डे एकेक करून पुसली. बॅकअपमधली शोधून पुसायला आणखी तास गेला.