पार्श्वभूमी : 'चोसेन' नावाचा रकाना

जपानमधल्या कोरियन वंशाच्या चित्रकारांच्या कामात 'घर' वारंवार येतं. त्याचा उगम लोक आजी-आजोबांच्या आठवणींत शोधतात. मला तो परकीय-नोंदणीच्या कागदावर अधिक दिसतो.

कोरिया जपानची वसाहत होता तो काळ (१९१०-४५) वाचकांना माहीत आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये सुमारे वीस लाख कोरियन होते. बहुतेक परतले, सहा लाखांच्या आसपास राहिले. १९४७च्या नोंदणीत त्यांच्या नावापुढे राष्ट्रीयत्व म्हणून 'चोसेन' लिहिलं गेलं. गोम इथंच आहे. चोसेन हे अख्ख्या द्वीपकल्पाचं जपानी नाव. उत्तर आणि दक्षिण ही दोन राज्यं जन्मली ती पुढच्या वर्षी. १९५०पासून रकान्यात 'कान्कोकु', म्हणजे दक्षिण कोरिया, लिहून घ्यायची मुभा मिळाली. ज्यांनी बदल करून घेतला नाही, ते चोसेनच राहिले. त्यांना सरसकट उत्तर कोरियाचे नागरिक समजलं जातं, ते चूक आहे. जपानची उत्तर कोरियाला मान्यताच नाही, त्यामुळे तो शब्द कुठल्याही राज्याचं नागरिकत्व दाखवत नाही. कोणी उत्तरेवरच्या निष्ठेपोटी तो ठेवला, कोणी फाळणी मान्य नाही म्हणून. २०१५च्या अखेरीस असे सुमारे ३४ हजार लोक होते. परदेशात प्रदर्शनाला जायचं तर यांच्यातल्या अनेकांच्या खिशात पासपोर्ट नसतो, जपानने दिलेली पुनर्प्रवेशाची पुस्तिका असते.

त्यात १९५२चा निर्णय. २८ एप्रिलला महायुद्धानंतरचा शांतता करार अमलात आला आणि जपानने तिथल्या सगळ्या कोरियनांचं वसाहतकाळापासूनचं जपानी नागरिकत्व एका परिपत्रकाने काढून घेतलं. कुठलं हवं, हे कोणालाही विचारलं नाही. कायदेपंडित त्यावर अजून वाद घालतात. माझ्या मते त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही.

आपल्याकडे 'गाव कोणतं?' या प्रश्नाला उत्तर असतं, गावात घर उरलेलं नसलं तरी. इथं उत्तरच फिरत राहिलं. १९५९च्या डिसेंबरात नीगाता बंदरातून उत्तर कोरियाकडे 'मायदेशी' परतणाऱ्यांची बोट सुटली. १९८४पर्यंत सुमारे ९३ हजार लोक गेले. त्यातले बहुतेक मूळचे दक्षिणेचे! १९५०च्या दशकात बंद गोदामं आणि त्यापुढचे मजूर रंगवणारा एक चित्रकारही १९६०मध्ये गेला. काही वर्षांनी त्याची खबर येणं थांबलं. चित्रं जपानमध्येच राहिली.

ओसाकात दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरून आलेल्यांची वस्ती होती, इकाइनो. १९७३मध्ये पत्त्यांतून हे नाव गेलं. वस्ती तिथंच होती. तिची १९६०च्या दशकातली छायाचित्रं आज पुरावा म्हणूनही बघितली जातात.

अलीकडची पिढी जपानमध्येच जन्मलेली, घरात जपानी बोलणारी. तिच्याबाबतीत टोकियोच्या पश्चिमेला कोदाइराची भिंत आठवते. एका बाजूला कला विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला कोरियन समाजाचं विद्यापीठ. दोन्ही आवारं एकमेकांना खेटून आणि मध्ये भिंत. नोव्हेंबर २०१५मध्ये दोन्हीकडच्या तरुण कलाकारांनी एकत्र प्रदर्शन भरवलं आणि भिंतीवरून पूल टाकला. इकडून पायऱ्या चढायच्या, तिकडे उतरायचं. त्याला मैत्रीचं प्रतीक म्हणणारे पुष्कळ निघाले. पण पुलावर उभं राहिलं की पायाखाली भिंतच दिसायची, आणि प्रदर्शन उरकल्यावर पूल काढून घेतला.