पोलादातला ऑक्सिजन काढायला सरकारचा पैसा कशाला?

ग्रीन टेक्नॉलॉजीच्या रिसर्चसाठी सरकारने कंपन्यांना इतके कोटी दिले अशी बातमी आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, नफा कंपन्यांचा आणि खर्च करदात्यांचा. राग समजू शकतो. पण अशा अनुदानांत बरेचदा एक अट असते, एकट्याने येऊ नका, वेगवेगळ्या धंद्यातले मिळून या. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती का, ते हायड्रोजनने पोलाद बनवू पाहणाऱ्या स्वीडनच्या हायब्रिट प्रोजेक्टकडे बघितलं की कळतं.

लोहखनिज म्हणजे मुख्यतः लोखंडाचं ऑक्साइड हे शाळेत झालंय. झोतभट्टीत (ब्लास्ट फर्नेस) कोक, म्हणजे दगडी कोळशापासून बनवलेलं इंधन, जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड बनतो, तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, एक टन पोलादामागे साधारण २ टन. म्हणजे कोळसा इथे फक्त उष्णतेसाठी नाहीये, तो प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत भाग घेतो, त्यामुळे कारखान्याच्या छपरावर सोलर पॅनल लावून हा प्रश्न सुटत नाही.

हायब्रिटमध्ये ऑक्सिजन ओढायचं काम हायड्रोजन करतो आणि धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. मला सगळ्यात आवडतो तो भाग इथे सुरू होतो. लोखंड वितळतं १५३८ अंश सेल्सिअसला, पण ही क्रिया ८००-९०० अंशांच्या आसपास होते, म्हणजे खनिजाची गोळी शेवटपर्यंत घनच राहते. आधी हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होतं, मग वूस्टाइट (तिन्ही लोखंडाची ऑक्साइडंच, दर वेळी ऑक्सिजन कमी), मग लोखंड, आणि प्रत्येक पायरीवर ऑक्सिजन निघून गेला की मागे बारीक पोकळ्या राहतात, म्हणून त्याला स्पंज आयर्न म्हणतात. हायड्रोजनचा रेणू एवढासा, तो त्या पोकळ्यांतून झपाट्याने आत शिरतो. पण शेवटची पायरी चिवट असते, कारण वूस्टाइटभोवती लोखंडाचं घट्ट कवच तयार झालं तर आतला ऑक्सिजन अडकून पडतो.

त्यात अजून एक अडचण. कार्बन मोनॉक्साइडने हेमॅटाइटचं क्षपण केलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला, तर एकूण हिशोबात थोडी उष्णता बाहेर पडते, हायड्रोजन मात्र उष्णता खातो, म्हणजे भट्टी आपोआप थंड व्हायला लागते. म्हणून गॅस आधीच चांगला तापवून आत सोडावा लागतो, आणि सुमारे ८२० अंशांच्या वर हायड्रोजन कार्बन मोनॉक्साइडपेक्षा सरस ठरतो. तरीही वूस्टाइटच्या पायरीवर समतोल असा आहे की जेमतेम एक तृतीयांश हायड्रोजन वापरला जातो, उरलेल्यातली वाफ काढून तो परत फिरवावा लागतो. आणि तापमान जास्त वाढवलं तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, भट्टी तुंबते. म्हणजे गोळी बनवणाऱ्या खाणवाल्यांशिवाय पोलादवाल्यांचं पान हलत नाही.

आता विजेचा हिशोब करू. एक टन लोखंडासाठी किमान ५४ किलो हायड्रोजन लागतो, पाण्यातून एक किलो काढायला साधारण ५० युनिट वीज, म्हणजे २७०० युनिट. ही वीज कोळशाची असेल तर युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे झोतभट्टीपेक्षाही वाईट! पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे व्हिडिओ फिरवणाऱ्यांनी हे नीट वाचावं, हायड्रोजन काही फुकटचं इंधन नाही, पाणी फोडायला जेवढी ऊर्जा घालता त्याहून कमीच परत मिळते.

म्हणूनच २०१६ मध्ये पोलादवाली एसएसएबी, खाणवाली एलकेएबी आणि वीजवाली वॅटनफॉल एकत्र आल्या (शेवटच्या दोन सरकारी मालकीच्याच आहेत). पायलट टप्प्याला स्वीडिश एनर्जी एजन्सी या सरकारी संस्थेने ५० कोटी क्रोनांहून जास्त दिले, बाकी कंपन्यांनी घातले. स्वीडनमधल्या लुलेओ शहरातला पायलट प्लांट २०२० ला सुरू झाला, २०२१ मध्ये हायड्रोजनने बनवलेलं स्पंज आयर्न हातात आलं आणि त्याच वर्षी त्याचं पोलाद व्होल्वोला गेलं. २०२२ मध्ये खडकात १०० घनमीटरची हायड्रोजन साठवायची गुहाही सुरू झाली, म्हणजे वीज स्वस्त असेल तेव्हा गॅस बनवून ठेवायचा.

सरकार सगळाच खर्च उचलतं असंही नाही. युरोपियन युनियनच्या नेहमीच्या नियमांत औद्योगिक संशोधनाला खर्चाच्या ५० टक्के आणि प्रायोगिक विकासाला २५ टक्के मदत बसते, आणि खरोखरचं सहकार्य असेल किंवा निष्कर्ष सगळ्यांसाठी खुले केले तर आणखी १५ टक्के. प्लांट जितका बाजाराच्या जवळ तितका सरकारचा वाटा कमी, हे मला योग्यच वाटतं.

काम अजून बाकी आहे. हायड्रोजनने केलेल्या स्पंज आयर्नमध्ये कार्बन नसतो, पण पोलादाला थोडा कार्बन लागतोच, शिवाय ते वितळवणाऱ्या इलेक्ट्रिक आर्क फर्नेसमध्ये (विजेच्या आर्कवर, म्हणजे सलग ठिणगीवर, चालणारी भट्टी) वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या मळीला, म्हणजे स्लॅगला, फेस आणायलाही तो हवा असतो, नाहीतर आर्कची उष्णता भिंतींवर वाया जाते. तो कार्बन जैविक वस्तूंपासून घ्यायचा झाला तर नेमका किती आणि कधी घालायचा, हे मोठ्या भट्टीत प्रत्यक्ष करूनच शोधावं लागतं, आणि तिथे एक चाचणी फसली तरी टनांनी माल वाया जातो.