सीट सरकवायची की पायडल?

रिकम्बंट म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे लांब करून चालवायची सायकल. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने अशा सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं आणि साध्या सायकलवरचा जुना विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ती शर्यतींतून बाद केली. मोठे कारखाने मग तिच्याकडे फारसे वळले नाहीत. आजही ती हवी असेल तर अनेकजण स्वतःच बनवतात. सोलापुरात हे जमण्यासारखं आहे. रस्ते बऱ्यापैकी सपाट, आणि पाइप कापून वेल्डिंग करून देणारे कारागीर हाताशी. घोडं अडतं ते सीटपाशी.

साध्या सायकलवर आपण वजनाच्या जोरावर पायडल दाबतो, त्यामुळे जोराला आपोआप मर्यादा पडते. पाठ टेकलेला माणूस मात्र टेकणीला रेटून वजनापेक्षाही जास्त जोर लावू शकतो, आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. सीट जवळ असेल तर गुडघा फार दुमडलेला असताना हा भार घेतो आणि वाटीमागे दुखू लागतं. लांब असेल तर पाय पोचवायला कंबर पुढे घसरते. म्हणून आधी माप. भिंतीला पाठ चिकटवून जमिनीवर बसा, पाय सरळ करा, भिंतीपासून तळव्यापर्यंत मोजा. सायकलवर पाय सर्वांत लांब जातो तेव्हा गुडघ्यात २५ ते ३० अंशांचा बाक उरला पाहिजे. ही स्थिती क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असतं तो फिरणारा हात, खाली असताना येत नाही. खुब्यापासून क्रँकच्या मध्यापर्यंतची रेषा पुढे वाढवा, क्रँक त्या रेषेत असताना येते.

एकाच घरातल्या दोघांच्या मापात १२ सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. तो जुळवायला एकतर पायडल जिथे बसवलेलं असतं तो पुढचा दांडा आत-बाहेर करायचा, नाहीतर सीट सरकवायची. दांडा तेवढा बाहेर काढला तर चेन वरून आणि खालून मिळून २४ सेंटिमीटर जास्त लागते. अर्ध्या इंचाची एक कडी धरली तर जवळजवळ १९ कड्या! दरवेळी त्या कोण जोडणार? सायकल एकट्याची असेल तर दांडा ठीक, घरातल्या सगळ्यांची असेल तर सीटच सरकली पाहिजे. त्याची किंमत तोलात मोजावी लागते. चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर, माणूस ६५ किलो आणि सायकल २० किलो धरा. सीट १२ सेंटिमीटर मागे घेतली की गुरुत्वमध्य सुमारे ९ सेंटिमीटर मागे जातो आणि एकूण वजनाचा सहा टक्के भाग पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर जातो. सीट सर्वांत मागे ठेवून, माणूस बसवून, पुढच्या चाकाखाली वजनकाटा लावून पाहाच. तिथे निदान तिसरा हिस्सा तरी यावा, नाहीतर रेतीवर वळताना चाक घसरेल.

नुसता क्लॅम्प आवळून सीट रोखणं मला पटत नाही. रंगवलेल्या पाइपवर घर्षणांक ०.२ धरला तर ६० किलोचा रेटा थोपवायला पाइपवर एकूण ३०० किलोचा दाब लागतो. पाइप आणि त्यावर सरकणारी सीटखालची बाही यांतून आठ मिलिमीटरची पोलादी पिन आरपार घातली की हा प्रश्नच मिटतो. चौकोनी पाइपला भोकं मात्र बाजूच्या भिंतींच्या मधोमध पाडा. वजनाने पाइप वाकताना वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. मधल्या रेषेवर वाकण्याचा ताण जवळजवळ नसतो. दर पाच मिलिमीटरला भोक पाडलं तर पाइपची चाळण होईल. इथे व्हर्नियर कॅलिपरची, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणाची, युक्ती वापरा: पाइपवर २५ मिलिमीटर अंतराने भोकं, सीटखालच्या बाहीवर २० मिलिमीटर अंतराने पाच. सीट पाच-पाच मिलिमीटर सरकवत नेली तरी प्रत्येक ठिकाणी एक तरी जोडी समोरासमोर येते.

पाठीचा कोनही बदलता हवा. सात रस्त्याच्या गर्दीत ताठ बसून नजर उंच राहावी, होटगी रोडला गाव मागे पडल्यावर रेलता यावं. टेकणीची बिजागरी खुब्याच्या सांध्याजवळ ठेवा. ती खाली पाइपवर असली आणि सीट अख्खी कलत असली, तर खुबा मागे जातो आणि पायाचं माप बिघडतं.

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. शरीर खर्चते त्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलला मिळतो, बाकीची उष्णता होते. एवढ्या उन्हात ती घाम वाळूनच जाते, आणि फोमला चिकटलेल्या पाठीचा घाम वाळत नाही. म्हणून चौकटीवर नवार विणावी, पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवून. सुती नवार घाम पिऊन ओली राहते, नायलॉनची भिजली की जास्त ताणते, पॉलिएस्टरची बरी. सैल नवारीत पाठ दोन सेंटिमीटर आत गेली तर बसवलेला गुडघ्याचा कोन तेवढाच बिघडतो. तेव्हा ती मागून दोरीने आवळता येईल अशी विणा, आणि पिनची जागा ठरवा ती नवार पूर्ण ताणून, माणूस बसवल्यावर.