उंची नव्हे, हाडांची बळकटी

‘मुलाला बास्केटबॉलला घाला, उंची वाढेल’ हा सल्ला पालकांना हमखास मिळतो. बास्केटबॉलचे खेळाडू उंच असतात हे खरंच आहे. पण उंच मुलं त्या खेळात टिकतात, निवडली जातात, म्हणून तसं दिसतं. पोटभर खायला मिळणाऱ्या समाजांत माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी साधारण ८० टक्के फरक आनुवंशिक असतो. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. किशोरवयाच्या शेवटी तिचं हाड झालं की लांबी वाढणं थांबतं. त्यानंतर ‘हमखास उंची’चा दावा करणारी कुठलीही पावडर काहीही करू शकत नाही. त्याआधीही अशा जाहिरातींवर पैसे घालवणं म्हणजे पालकांच्या काळजीची लूट आहे, आणि हे स्पष्ट सांगायलाच हवं.

खेळातून हाडाला मिळते ती जाडी आणि बळकटी. ती कशी मिळते, हे शरीरातल्या सगळ्यात सुंदर यंत्रणांपैकी एक आहे.

हाड जिवंत असतं. त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी ऑस्टिओसाइट नावाच्या असतात. त्या कठीण हाडात इवल्याशा पोकळ्यांमध्ये अडकलेल्या असतात आणि केसाहूनही कितीतरी बारीक नळ्यांतून एकमेकींना धागे जोडून असतात. पोकळ्या आणि नळ्या द्रवाने भरलेल्या असतात. मूल उडी मारून जमिनीवर आदळतं तेव्हा हाड किंचित वाकतं, अगदी हजारातल्या एखाद्या भागाइतकं. पण तेवढ्यानेही, ओला स्पंज दाबावा तसा, हा द्रव नळ्यांतून पुढे सरकतो आणि पेशींना घासून जातो. पेशींच्या आवरणातली पीझो-१ सारखी, ताण जाणवणाऱ्या प्रथिनांची दारं उघडतात, कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि निरोप पोहोचतो.

एरवी ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून हाड बांधणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओब्लास्टना, आवरून धरत असतात. ताण पडला की स्क्लेरोस्टिन कमी होतं, लगाम सुटतो आणि जिथे ताण पडला नेमकं तिथेच नवं हाड बांधलं जातं. ताणानुसार हाड आपली रचना बदलतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वुल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. पेशींच्या पातळीवर हे कसं घडतं, ते कळायला पुढे शंभर वर्षं जावी लागली.

या यंत्रणेच्या आवडीनिवडी आहेत. स्थिर भाराकडे ती जवळजवळ दुर्लक्षच करते. तिला झटके लागतात, तेही बदलत्या दिशांचे. म्हणून उड्या, धावताना अचानक वळणं, जिम्नॅस्टिक्स, फुटबॉल, बॅडमिंटन यांनी हाडं बळकट होतात. पोहणं आणि सायकल चालवणं हृदयाला उत्तम, पण हाडांना त्यातून फारसं काही मिळत नाही. शिवाय या पेशी लवकर कंटाळतात. पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर केलेल्या प्रयोगात दिवसाला ३६ वेळा भार दिला तरी पूर्ण परिणाम मिळाला. त्यापुढे कितीही वाढवला तरी जास्तीचं काही घडलं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत तेवढेच झटके मध्ये काही तास सोडून दिले, तेव्हा हाड जास्त बांधलं गेलं. त्यामुळे दिवसभरात दोनतीनदा थोडं थोडं हुंदडणाऱ्या मुलाचं काहीच वाया जात नाही.

वयाचा भाग तर फार मोठा. टेनिसपटूंच्या हातांनी तो उत्तम दाखवला. माणूस एकच, जनुकं, आहार, संप्रेरकं तीच, फरक फक्त रॅकेट धरण्याचा. फिनलंडमधल्या महिला टेनिस आणि स्क्वॉशपटूंच्या १९९५ च्या अभ्यासात, पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांच्या दोन हातांच्या हाडांतला फरक पाळीनंतर १५ वर्षांहून उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दोन ते चार पट निघाला.

वाढत्या वयात नवं हाड प्रामुख्याने बाहेरच्या बाजूला चढतं, म्हणजे त्रिज्या वाढते. भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो: त्रिज्या १० टक्के वाढली तर विरोध सुमारे ४६ टक्के (१.१ × १.१ × १.१ × १.१ = १.४६). हाड पोकळ असल्याने गणित थोडं बदलतं, पण दिशा तीच. आणि ही कमाई बरीचशी टिकते. व्यावसायिक बेसबॉलपटूंच्या चेंडू फेकणाऱ्या हातात, खेळ सोडून कित्येक दशकं उलटल्यावरही आकारातला साधारण निम्मा आणि बळकटीतला एक तृतीयांश फायदा शिल्लक होता.

हृदय, फुप्फुसं, स्नायू, झोप, मन या सगळ्यांना खेळाचा फायदा होतोच, आणि त्यावर पुष्कळ लिहिलं जातं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातले किमान तीन दिवस त्यात स्नायू आणि हाडं बळकट करणारे प्रकार असावेत, ही तिच्याच सूचनेतली ओळ मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

मला खरी चिंता मुलींची वाटते. हाडांत खनिजं भरण्याचा वेग मुलींमध्ये साडेबाराव्या वर्षाच्या आसपास शिखरावर असतो, मुलांमध्ये चौदाव्या. त्या शिखराभोवतीच्या दोन वर्षांत प्रौढ हाडातलं सुमारे एक चतुर्थांश खनिज साठतं. आणि नेमक्या याच वयात ‘आता मोठी झालीस’ म्हणून मुलींचं मैदान सुटतं. २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नव्हत्या. मुलांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. रजोनिवृत्तीनंतर वेगाने हाड झिजतं तेही स्त्रियांचंच, आणि तेव्हा खर्च होतो तो या वर्षांत साठवलेलाच साठा.