वडील वारल्यानंतर घरपट्टीला वारसांची नावं कशी लावायची?

माळवदाचं घर गावात, पोरं पुण्याला नाहीतर ऊसतोडीला, आणि घरपट्टीची पावती अजून वारलेल्या वडिलांच्याच नावानं निघते. मराठवाड्यात असं गावोगाव आहे. घरकुलाचा अर्ज भरताना किंवा नवीन वीजमीटर घेताना हेच आडवं येतं. त्यामुळे वर्षश्राद्धाची वाट न बघता नोंद करून घ्या.

ग्रामपंचायतीत घराची नोंद नमुना ८ मध्ये असते. नाव, क्षेत्रफळ, बांधकाम माळवदाचं की आरसीसीचं, आणि त्यावरून बसलेला कर. अर्ज कोणताही वारस करू शकतो: पत्नी, मुलगा, वारलेल्याची हयात असलेली आई आणि मुलगीही, लग्न झालेली असली तरी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) अर्ज देताना मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र किंवा वारस प्रमाणपत्र, आधार, जुना नमुना ८ आणि चालू वर्षाची करपावती जोडा. बाकी असेल तर आधी भरावी लागते. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. विषय मासिक सभेपुढे जातो, ठराव झाला की नोंद बदलते. लातूर, परभणीसारख्या शहरात हाच अर्ज महापालिकेच्या कर विभागात द्यायचा.

एकाच भावाचं नाव लावायचं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. राखीला आलेल्या बहिणीपुढे घाईघाईत कागद सरकवला जातो तो इथंच. ताई, वाचल्याशिवाय सही करू नका. नमुना ८ म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद, तो मालकीचा पुरावा नाही. नुसत्या संमतीपत्रानं तुमचा हिस्सा जात नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. पण पुढे वाद झाला की तीच सही दाखवली जाते. माझ्या मते सगळ्याच वारसांची नावं लावावीत, आईचं सगळ्यात आधी.

स्वामित्व योजनेत (ड्रोननं गावठाण मोजून घरांचे मालकीचे कागद देणारी सरकारी योजना) सनद, म्हणजे तो मालकीचा कागद, मिळाली असेल तर तिथली वारसनोंद वेगळी, ती भूमी अभिलेख कार्यालयात करावी लागते.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नी यांना एका घराची करमाफी आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र आणा. आणि घरात कोणी ग्रामपंचायत सदस्य असेल तर मागणीचं बिल आल्यापासून ३ महिन्यांत कर भरा, नाहीतर सदस्यत्व जाऊ शकतं.

नोंद झाली की नवा उतारा काढा आणि नावातला काना-मात्रा, घराची लांबी-रुंदी तिथंच उभं राहून तपासा.