स्कीखालचे पाणी येते कुठून?

स्कीइंगचा विषय निघाला की कोणी ना कोणी हमखास सांगतो, की माणसाच्या वजनाने बर्फावर दाब पडतो, दाबाने तो वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की घसरते. वजने टांगलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार उतरते आणि लादी मात्र अखंड राहते, हा पुनर्हिमायनाचा, म्हणजे दाबाखाली वितळलेला बर्फ दाब हटताच पुन्हा गोठण्याचा, प्रयोग आपण शाळेत शिकलेलो असल्यामुळे हे स्पष्टीकरण चटकन पटते. स्कीला मात्र ते लागू पडत नाही.

हिशेब साधा आहे. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायचा तर सुमारे 130 वायुदाबांइतका दाब लागतो. बूट आणि कपड्यांसह 80 किलोचा माणूस दोन स्कींवर उभा राहिला, की त्याचे वजन साधारण पाव चौरस मीटरवर पसरते. म्हणजे दाब एका वायुदाबाच्या तीन टक्क्यांच्या आसपास. हिमाचे कण केवळ टोकांवर टेकतात म्हणून तो शंभरपट धरला, तरी द्रवणांक एका अंशाच्या चाळिसाव्या भागाइतकाच उतरेल. उणे 8 अंशांच्या सकाळी त्याने काय होणार?

खरे उत्तर मला पहिल्याच धड्यात पायाखाली जाणवले. स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथे बोडमी नावाचा नवशिक्यांचा उतार आहे. तिथे प्रथम एकाच पायात स्की घालून सपाटीवर चालायला लावतात. दुसऱ्या पायाने रेटा दिला, की स्की क्षणभर हिमाला धरून राहते, मग एकाएकी सुटते आणि सुटल्यावर मात्र अलगद वाहत जाते. आधीची पकड आणि नंतरची घसरण यांतला हा फरक नवशिक्याला इतका स्पष्ट कळतो, की त्याकडे कानाडोळा करता येत नाही.

बोडमीवरून समोर आयगरचा कडा दिसतो. त्याच डोंगराच्या पोटातून जाणारी रेल्वे सुमारे 3450 मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला पोहोचते. तिथे बर्फात कोरलेल्या गुहेत बाउडेन आणि ह्यूज या केंब्रिजच्या संशोधकांनी केलेले प्रयोग 1939 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा एक प्रयोग मला फार सुंदर वाटतो. त्यांनी पितळेच्या आणि एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, पृष्ठभागांची बर्फावरील घसरण ताडून पाहिली. दाब हेच कारण असते, तर समान वजनाखाली दोन्ही सारखेच घसरायला हवे होते. परंतु कडक थंडीत पितळेचे घर्षण स्पष्टपणे अधिक भरले. पितळ उष्णतेचे सुवाहक असल्याने घासण्यातून निर्माण झालेली ऊब शोषून घेऊन दूर नेते. एबोनाइट दुर्वाहक असल्याने ती ऊब संपर्काच्या जागीच राहते आणि कणांची टोके वितळवते. म्हणजे स्कीखालचे पाणी मुख्यतः घर्षणातून येते. त्याच 80 किलोच्या माणसासाठी घर्षणगुणांक, म्हणजे घर्षणाचे बल आणि वजन यांचे गुणोत्तर, 0.05 आणि वेग सेकंदाला 5 मीटर धरला, तर सुमारे 200 वॉट उष्णता निर्माण होते. एवढ्यात घरातले दोन-तीन छतपंखे फिरतात. त्यातला काही भागच वितळण्यासाठी लागतो, पण पाण्याचा थरही अत्यंत पातळच असतो.

याला एक जोड द्यायला हवी. बर्फाच्या पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने बांधून ठेवणारे शेजारी नसतात, त्यामुळे शून्याखालीही ते आतल्या रेणूंपेक्षा सैल असतात. गोठणबिंदूखालीही बर्फावर द्रवासारखा थर असतो, ही कल्पना फॅरेडेने 1850 मध्येच मांडली होती. पारा फार उतरला, की हे रेणूही जखडले जातात, घर्षणाची ऊबही अपुरी पडते आणि हिम वाळूसारखे कोरडे लागते.

घर्षणगुणांक 0.05 म्हणजे काय, हे उतारावर समजते. शंभर मीटरला पाच मीटर, म्हणजे जेमतेम तीन अंशांचा उतारही सरकत राहायला पुरेसा होतो, आणि डोळ्यांना तो सपाटच वाटतो. घर्षण अजिबात नसते, तर 10 मीटर खाली येईपर्यंत वेग ताशी 50 किलोमीटर झाला असता. म्हणून आधी शिकवतात ते थांबणे: स्कींची टोके जवळ, मागची बाजू फाकलेली आणि दोन्ही स्की आतल्या कडेवर कललेल्या. कडा हिमात रुतून ते नांगरासारखे बाजूला रेटतात आणि गतिज ऊर्जा हिम मोडण्यात व ढकलण्यात खर्च होते. घाबरून मागे रेललो, तर पुढच्या भागावरचे वजन कमी होते, तिथल्या कडांची पकड सुटते आणि स्की वळेनाशी होते. भीती वाटली, की पुढे झुकायचे, हे शरीराला पटवणे हाच मला या धड्यातला सर्वांत अवघड भाग वाटला.

महागड्या मेणाच्या जाहिरातींना नवशिक्याने भुलू नये. स्कीचा तळ पॉलिथिनचा असतो आणि तो मुळातच पाणी झिडकारतो. मेणाने घसरण सुधारते हे खरे. पण शर्यतीत काही शतांश सेकंद वाचवणाऱ्या ज्या फ्लोरिनयुक्त मेणांचा एवढा गाजावाजा झाला, ती पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धांत 2023-24 च्या हंगामापासून त्यांच्यावर पूर्ण बंदी आहे.

उताराच्या कडेला थांबून चार शब्द बोललो, की स्की पुन्हा धरून बसते, कारण घर्षण थांबताच तो पातळ थर गोठतो. निघण्यापूर्वी प्रशिक्षक दोन्ही पाय जागच्या जागी दोन-तीनदा पुढे-मागे सरकवायला सांगतात, ते हा सांधा मोडण्यासाठी.