मुलांना ऑनलाइन हवं, शिक्षकांनाच नको?

'आजची मुलं मोबाइल घेऊनच जन्मली, ऑनलाइन इंग्रजी त्यांना आवडतंच. अडून बसतात ते जुने शिक्षक.' हा समज टाळेबंदीपासून घट्ट झालाय, पण तो चूक आहे.

'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे डिजिटल जगातच वाढल्याने त्यात आपसूक तरबेज असलेली पिढी, ही कल्पना अमेरिकी शिक्षणविषयक लेखक मार्क प्रेन्स्की यांच्या 2001च्या लेखातून पसरली. तो लेख मत मांडणारा होता. पुढच्या संशोधनात वयावरून असं कौशल्य ठरत असल्याचं दिसलं नाही. रील बघणं वेगळं, परकी भाषा बोलणं वेगळं.

नववीचा ऑनलाइन इंग्रजीचा तास आठवून बघा. उतारा मोठ्याने वाचायची पाळी येते आणि माइक 'बंद पडतो'. घरातले सगळे ऐकत असतात ना! उत्तर चॅटमध्ये येतं. कॅमेरा बंद, मग 'व्ही'साठी दात ओठावर टेकले की नाही, हे बाईंना दिसणार कसं? त्यांची कुरकुर तंत्रज्ञानाबद्दल नसते, या न दिसण्याबद्दल असते.

शिक्षक मागासलेले म्हणावेत, तर पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्यात पुढाकार घेणारे रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतलेच शिक्षक होते. आणि 2021च्या 'असर' या शिक्षणाच्या स्थितीविषयीच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 67.6 टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. त्यातल्याही चौथ्या हिश्शाहून जास्त मुलांच्या तो हाती लागत नव्हता.